माय, धाकटी आणि काबिनीचे हत्ती

काबिनीला जायचं मी ठरवलं नव्हतं. उलट हे जाणं मोडावं म्हणून महिनाभर खटपट केली होती. तरी गेले, हत्ती पाहून आले, आणि दवाखान्यातल्या मैत्रिणी सारख्या विचारतात म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. ज्यांना नुसती वाट, खाणं आणि खर्च हवा असेल त्यांनी मधलं आमच्या घरचं गाळून वाचलं तरी चालेल. मला ते गाळून लिहिता येईना.

मी वसमतला सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. लग्न झालं होतं, दोन वर्षांत मोडलं. वडील गेल्यापासून माय माझ्याजवळ राहते, त्याला अकरा वर्षं झाली. धाकटी बहीण वैशाली म्हैसूरला असते. तिच्या नवऱ्याला तिथं केंद्र सरकारची नोकरी आहे. मागच्या उन्हाळ्यात ती दोघं काबिनी नदीच्या धरणामागच्या जंगलात जाऊन आली आणि तिनं एक फोटो पाठवला. पाण्याच्या काठाला हत्तीच हत्ती, मोजता न येण्याइतके. मायनं तो आरशाच्या चौकटीत खोचला. दूधवाला आला की दाखव, शेजारची साखर मागायला आली की दाखव. "माह्या धाकटीनं पाठिवला." भाकरी मी थापायची, कपडे मी धुवायचे, आणि कौतुक एका कागदाचं. मी त्या आरशात वेणी घालणं सोडलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

मायला हत्तीचं वेड जुनं. ती लहान असताना वसमतजवळच्या कुरुंद्याला साधूंबरोबर एक हत्ती आला होता, तर ही सुपात ज्वारी घेऊन शिवेपर्यंत त्याच्यामागं चालत गेलेली. शिवाय विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासात ऐकलेली ती गोष्ट: भिक्खू आपसात भांडायला लागले म्हणून भगवान त्यांना सोडून रानात जाऊन राहिले, आणि तिथं एका हत्तीनं त्यांची सेवा केली. "भांडणाऱ्या माणसापरीस हत्ती बरा," असा मायचा त्यातला अर्थ.

तर यंदा, २००८ च्या मार्चमध्ये, वैशालीचा फोन आला. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवं गवत येतं, आणि रानात सगळीकडं कोरडं असल्यामुळं चहूकडचे कळप तिथं गोळा होतात. मायला घेऊन ये, बाकी सगळं मी बघते, असं ती म्हणाली. ते "सगळं मी बघते" मला लागलं.

मी मायला ऊन सांगितलं, प्रवास सांगितला, माझी रजा सांगितली. मग डोळ्यांचं काढलं. मायचा उजवा डोळा काचबिंदूनं गेलेला आहे, पार गेला आहे. डाव्यालाही समोरचं तेवढंच दिसतं, तेही उजेड पाठीमागून असेल तर. दिवसातून दोनदा मी त्यात थेंब घालते. ही गोष्ट फक्त आम्हा दोघींना आणि डॉक्टरला माहीत होती. वैशालीला सांगायचं नाही अशी मायनं मला शपथ घातली होती. ती दूर राहते, काळजी करील, म्हणून.

"तुला दिसणार काय तिथं?" मी विचारलं.

"हत्ती लहान असतो व्हय?" माय म्हणाली. "म्या जाणार. तू येतीस का न्हाई ते सांग."

वसमतहून एसटीनं नांदेड, तिथून बंगळुरूची थेट गाडी. आरक्षण लवकर करा. उन्हाळ्यात स्लीपरचं तिकीट मिळणं कठीण. परळी, बिदर, रायचूर करत पूर्ण एक दिवस आणि एक रात्र गाडीत जाते. डबा घरचाच बरा. आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा नेला होता. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर दहीभात मिळाला तो पाच जणांनी सांगूनही मायनं खाल्ला नाही. सगळ्या डब्याला तिनं सांगून टाकलं होतं की धाकटीनं बोलावलंय, हत्ती दाखवणार आहे. समोरच्या बाकावर बिदरला चढलेली एक बाई होती. तिनं माझ्याकडं बोट करून विचारलं, "अन् या कोण?"

"ही थोरली," माय म्हणाली. "माझ्यासंगं असती."

खिडकीतून मी बराच वेळ बाहेर बघत होते. काळी माती संपून लाल माती कुठं लागली ते कळलंच नाही.

बंगळुरूहून म्हैसूरला बस दर पंधरा-वीस मिनिटांनी सुटते, तीन-साडेतीन तास लागतात. मधे मद्दूरला बस थांबते, तिथला वडा खावा. स्टँडवर वैशाली आली होती. तिनं मायला मिठी मारली, मग मला म्हणाली, "ताई, तू लई बारीक झालीस." मी म्हटलं, "दोघींचं करायचं म्हणजे होणारच." हे बोलायची गरज नव्हती.

तिच्या क्वार्टरला दोन खोल्या. आतल्या खोलीत नवी लाकडी खाट, नवी गादी, खाटेजवळ भिंतीला धरायला बसवलेला दांडा, खाली मायच्या मापाच्या रबरी चपला. कोपऱ्यात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यापुढं बसायला पाट. चार दिवसांच्या पाहुणीसाठी कोणी भिंतीला दांडा बसवून घेत नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब घालताना वैशालीनं विचारलं तर म्हटलं, डोळे कोरडे पडतात. मायनं मान हलवली. त्या एका गोष्टीपुरती ती माझी होती.

तिसऱ्या दिवशी भाड्याच्या इंडिकातून आम्ही तिघी निघालो. वैशालीच्या नवऱ्याला रजा नव्हती. म्हैसूर ते एच. डी. कोटे रस्ता बरा, पुढं मात्र खड्ड्यांत रस्ता शोधावा लागतो; ऐंशीएक किलोमीटरला तीन तास धरा. रस्त्यात अंगठ्याएवढी वेलची केळी मिळतात. मायनं एक खाल्लं आणि आमच्याकडच्या डोंगरकड्याच्या केळीपुढं ही काहीच न्हाई, असा निकाल दिला. राहायला वैशालीनं जंगलाच्या हद्दीला लागून एका रिसॉर्टमध्ये दोन रात्रींची खोली घेतली होती. दोन वेळचं जेवण, एक जीपची फेरी आणि एक बोटीची त्यातच धरलेली. महाग आहे, माझ्या महिन्याच्या पगारात थोडी भर घातली असती तर जमलं असतं. वैशालीनं मला पैशाचं विचारूसुद्धा दिलं नाही.

पहिल्या दुपारी जीपची फेरी होती. पुढच्या उघड्या जीपमध्ये दोनच जागा उरल्या होत्या.

"माय आणि मी हिच्यात बसतो," वैशाली म्हणाली. "ताई, तू मागच्या गाडीत ये. दोन्ही एकाच वाटेनं जातात."

एकाच वाटेनं गेल्या नाहीत. माझी गाडी एका वळणावर उजवीकडं फिरली. दोन तासांत मला चितळं दिसली, रानगवे दिसले, आणि बांबूत शिरणाऱ्या एका हत्तीचा पाठीमागचा भाग दिसला. ताज्या लिदीचे ढीग भरपूर. गाईड मात्र चांगला होता. हत्तींच्या कळपाची सगळी माहिती त्यानं त्या ढिगांपुढं गाडी थांबवून दिली. कळप बायकांचाच असतो. सगळ्यांत म्हातारी हत्तीण पुढं. तिच्या लेकी, बहिणी, त्यांची पिल्लं अशी सगळी जन्मभर तिच्याजवळ. उन्हाळ्यात असे नात्यातले कळप पाण्यावर एकमेकांना भेटतात, एकमेकींच्या तोंडात सोंड घालतात. मी ऐकत होते आणि मला त्या हत्तिणींचाही हेवा वाटला. कुणाच्या वाट्याला आई किती, हे त्यांना ठरवावं लागत नाही.

परत आले तर माय आणि वैशाली व्हरांड्यात चहा पीत बसल्या होत्या. त्यांच्या जीपसमोरून हत्तीण गेली होती, पिल्लासकट.

"एवढंसं लेकरू बघ," माय हातानं उंची दाखवत होती. "मायच्या पोटाखालून चालून राहिलं होतं. सोंड कशी धरावी ते बी कळत न्हवतं त्याला. व्हय का न्हाई, वैशे?"

"व्हय माय. आणि मधेच ते आपल्याकडं वळलं."

"वळलं ना. कान फडफडले त्याचे."

मला डोकं दुखतंय असं सांगून मी उठले. माझ्यामागं वैशाली आली. अजून उजेड होता, अंगणात मोर फिरत होते.

"ताई, एक बोलायचं होतं. माय आता इथंच राहू दे."

हे येणार मला माहीत होतं. "तिला विचारलंस?"

"आधी तुला विचारते. तुझी नाईट ड्यूटी असती. ती एकटी राहती घरात. इथं मी दिवसभर घरीच आहे."

"अकरा वर्षं मी केलंय तिचं. तुला आत्ता आठवलं?"

"अकरा वर्षं तू मला करू दिलंस का?" ती हळूच म्हणाली. "दर दिवाळीला म्हटलं मी, पाठव. कधी एसटीचा संप, कधी तिची तब्येत. फोन लावला तरी तूच बोलतीस. 'माय झोपली, माय विहारात गेली.' माझी बी माय हाय ना ती."

तिचं खरं होतं. दोनदा तरी माय जागी असताना मी ती झोपली असं सांगितलं होतं. ते मी कबूल केलं नाही. मी म्हटलं, "एक दिवस जीपमध्ये बसवलं म्हणजे सांभाळणं नसतं." ती रडायला लागली. मायचा आवाज व्हरांड्यातून आला.

"तुमी भांडा खुशाल. म्या चालले हत्तीकडं."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला बोट. बोटीसाठी दुपारचीच फेरी घ्या, सकाळी कळप रानात असतात. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. मोटरबोटीत आम्ही तिघी, बंगळुरूचं एक जोडपं, मोठे कॅमेरे घेतलेले दोन गृहस्थ आणि कालचाच गाईड. पाणी खूप खाली गेलेलं. धरणात बुडालेल्या झाडांचे वाळलेले बुंधे पाण्याबाहेर उभे आणि प्रत्येकावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. अर्ध्या तासानं बोट एका वळणाला आली. जमिनीची एक लांब जीभ पाण्यात शिरली होती, हिरवीगार, आणि तिच्यावर ते होते.

मी फोटो वर्षभर पाहिला होता. फोटोत आवाज नसतो. शंभरएक पावलांवरून गवत उपटल्याचा आवाज येत होता, कराकर, एकसारखा. मी त्रेसष्टपर्यंत मोजले, मग झाडीतून आणखी एक कळप उतरला आणि मोजणं सोडलं. आधी एक मोठी हत्तीण बाहेर आली, थांबली, सोंड वर करून तिनं वास घेतला. काठावरच्यांतल्या दोघी तिच्याकडं चालत गेल्या. तिघींनी सोंडा एकमेकींच्या तोंडात घातल्या. पोटातून घुमल्यासारखा एक आवाज आला, तो कानापेक्षा बाकाच्या फळीत जास्त जाणवला. मग नव्या कळपातली पिल्लं धावत सुटली, एक चिखलात घसरलं आणि तिथंच लोळायला लागलं.

गाईडनं इंजिन बंद केलं. वैशालीनं मायच्या खांद्यावर हात टाकला. "माय, ते बघ, पिल्लू लोळतंय."

"व्हय, लोळतंय," माय म्हणाली.

मी मायकडं पाहिलं. सूर्य कळपाच्या मागं होता, सगळा उजेड पाण्यावरून सरळ तिच्या तोंडावर येत होता. तिचा चेहरा हत्तींपासून बराच डावीकडं वळलेला होता, एका वाळलेल्या झाडाकडं.

"आता त्याची माय आली बघ त्याला उठवायला."

"आली की. उठवून राहिली."

तेव्हा मला कालचं पिल्लू कळलं. कान फडफडल्याचंसुद्धा कळलं. काल जीपमध्येही आणि इथंही, वैशाली जे सांगत होती तेच माय परत देत होती.

इथं मी काय केलं ते लिहायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मला आनंद झाला. वैशालीनं एवढा खर्च केला, खाट घेतली, दांडा बसवला, आणि माय काय पाहते आहे एवढंही तिला कळत नाही, मला कळतं. मी गप्प बसले.

घरी, बाजारात, मायला काही दिसलं नाही आणि चारचौघांत विचारायची लाज वाटली की ती माझं मनगट दाबते. मग मी मोठ्यानं वाचून दाखवल्यासारखं सांगते: ही नांदेडची गाडी, हे शंभराचं सुटं. आता तिचा हात बाकावरून सरकत आला आणि तिनं माझं मनगट दाबलं. मी समोर बघत राहिले. थोड्या वेळानं तिनं पुन्हा दाबलं. मी हलले नाही. मग तिनं हात काढून घेतला, आपल्या मांडीवर ठेवला, आणि झाडाकडं बघून हसऱ्या आवाजात म्हणाली, "लई हायेत गं वैशे. लई."

शाळकरी वयात वैशालीची पाटी फोडून मी गप्प बसले होते, तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मी गाईडला हिंदीत म्हटलं, "भैया, बोट उस तरफ ले जाओ. सूरज पीछे आना चाहिए."

तो म्हणाला की त्या बाजूला गेलो तर वेळ जाईल, पुढच्या खाडीत सकाळी बिबट्या दिसला होता, या साहेबांना तिकडं जायचंय. कॅमेरेवाल्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्यांतला एक म्हणाला, "यहाँ से तो सब साफ़ दिख रहा है, मैडम."

"माझ्या आईला दिसत नाही," मी मराठीतच बोलले, मग हिंदीत सांगितलं. "एक आँख गई है. दूसरी से सामने का ही दिखता है, और धूप में वो भी नहीं."

वैशालीचा हात मायच्या खांद्यावरच थांबला. माय मान खाली घालून बसली.

गाईडनं कॅमेरेवाल्यांकडं पाहिलं, त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली, आणि बोट जमिनीच्या त्या जिभेला वळसा घालून पलीकडं गेली. इंजिनाच्या आवाजात वैशाली माझ्या कानाशी म्हणाली, "मला काहून सांगितलं न्हाई?"

"म्याच नको म्हटलं होतं," माय म्हणाली. तिला ऐकू सगळं येतं.

पलीकडं ऊन पाठीवर आलं. हत्ती आता राखाडी दिसायला लागले, अंगावरचा चिखल, कानांच्या गुलाबी कडा. मी वैशालीला म्हटलं, "हिचे दोन्ही खांदे धर. नुसतं बोट दाखवून उपयोग नाही, तिला अख्खी वळव. अजून. आता नाक त्या मोठ्या हत्तिणीच्या सरळ रेषेत आण. आणि आता घाई करू नकोस." वैशालीनं मी सांगेन तसं केलं. पाण्याची तिरीप लागू नये म्हणून मी माझा तळहात मायच्या कपाळावर आडवा धरला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मायचे ओठ हलत होते. मग ती एकदम ताठ झाली.

"तिचा एक कान फाटलेला हाय," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी पाहिलं. मोठ्या हत्तिणीच्या डाव्या कानाची खालची कड खरंच फाटलेली होती. आमच्या दोघींच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"वैशे, बघ, बघ," माय म्हणाली.

वैशे. तो तळहात माझा होता, तरी नाव तिचंच आलं. हत्तींसमोर, इतकं सगळं घडल्यानंतरही मला ते टोचलं. पण मी हात काढला नाही. अर्धा तास तसाच धरून ठेवला, दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नव्हता. बिबट्या कुणालाच दिसला नाही. उतरताना कॅमेरेवाल्यांतल्या एकानं मायच्या पाया पडून तिला हाताला धरून खाली उतरवलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही म्हैसूरला परतलो. घरी आल्यावर मायनंच विषय काढला. नव्या खाटेवर बसून, दांडा हातानं चाचपून पाहत ती म्हणाली, "या वर्षाचा वर्षावास म्या इथं करते. अश्विन पौर्णिमेला वसमतला येते. मंग पुढचं पुढं. अन् तुमी दोघी माह्या नावानं भांडू नका, मला तकलीफ होती."

मी थेंबांची बाटली वैशालीच्या हातात दिली. पापणी कशी ओढायची, थेंब पडल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर कसा दाबून धरायचा, ते दाखवलं. दोनदा तिचा थेंब गालावर पडला. तिसऱ्यांदा बरोबर पडला आणि माय म्हणाली, "हिचा हात हलका हाय." मी बॅग भरायला घेतली.

येतानाचा प्रवास एकटीचा. या वेळी स्टेशनावरचा दहीभात मी खाल्ला, चांगला असतो. वसमतला पोचले तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, माय कुठंय. धाकटीकडं ठेवली, म्हटलं. "बरं झालं, तुला बी आराम," ती म्हणाली. आराम म्हणजे काय असतो ते मला या महिन्यांत कळलं. एका माणसाच्या भाकरीचं पीठ मळताना अंदाज येत नाही, रोज जास्तच होतं.

जायचं असेल तर एप्रिलच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत जा, आणि निदान दोन फेऱ्या हातात ठेवा, पहिलीत नुसती लीदसुद्धा दिसू शकते. म्हाताऱ्या माणसाला नक्की न्या. त्यांना काय दिसतं, कसं दिसतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकावं.

वैशालीचा रोज फोन येतो. आधी माय बोलते, पण काम वैशालीलाच असतं माझ्याशी. भाकरी कडक होते, पाणी किती गरम घ्यायचं? पाय दुखतात म्हणते, कोणतं तेल लावायचं? रात्री दिवा चालू ठेवायचा का? मी सगळं सांगते, काही चुकीचं सांगत नाही, तिनं विसरू नये म्हणून दोनदा सांगते. एक मात्र अजून सांगितलेलं नाही. रविवारी न्हाऊन झाल्यावर दारात उन्हाला बसवून बारीक फणीनं केस विंचरले की माय गाते. तिच्या आईची जात्यावरची गाणी, हलक्या आवाजात, कुणी ऐकतं आहे हे विसरून. गा म्हटलं तर गात नाही. वैशालीला फणी कधी घ्यावीशी वाटली तर कळेल तिला. मी अश्विन पौर्णिमेपर्यंतचे रविवार कॅलेंडरवर मोजून ठेवले आहेत.